गर्भाशयमुखाचा कर्करोग : राखणदार कसे हरतात?

बहुतेक कर्करोग संसर्गाने होत नाहीत. परंतु स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एच.पी.व्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ साली या रोगात त्याचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा १०० रोग्यांपैकी सुमारे ७० जणींचा रोग या दोन प्रकारांमुळेच होतो.

हा विषाणू करतो तरी काय? स्वतःची वाढ करण्याची सामग्री त्याच्याजवळ नसते. पेशी विभागताना जी सामग्री वापरते, तीच त्याला हवी असते. म्हणून तो थांबलेल्या पेशीला पुन्हा कामाला जुंपतो.

आपल्या पेशीत राखणीला दोन प्रथिने असतात. पहिले आर.बी. पाटाला फळी लावून पाणी अडवावे, तसे ते पेशीची वाढ अडवून धरते. विषाणूचे ई-७ प्रथिन त्याला चिकटते आणि फळी निघते. दुसरे पी-५३. पेशीत बिघाड दिसला की ते वाढ थांबवते किंवा ती पेशीच नष्ट करवते. आपण रोगट रोप उपटतो तसे. विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ मोडीत काढते. घरच्या गड्याकडूनच घरचा राखणदार मारवावा, तसे हे.

सुदैवाने बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो ठाण मांडून बसला, तरी कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. हीच वर्षे आपल्या हातात आहेत. म्हणून :

१) मुलींना ९ ते १४ वर्षे वयात लस द्यावी. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळते. झालेला संसर्ग लसीने जात नाही. म्हणून ती वेळेवर हवी.

२) तिशीनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून घ्यावी. लस घेतली असली तरी ती चुकवू नये.

३) पाळीव्यतिरिक्त, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि फार सर्रास आढळतो. पत्नीला तो पतीकडूनही येतो. तेव्हा त्यावरून कोणा स्त्रीच्या शीलावर बोट ठेवणे हा अन्याय आहे. लाजेपायी तपासणी टाळून आपल्या आयाबहिणी गमावणे आपल्याला परवडणारे नाही.