आधी नवऱ्याची तपासणी

लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की बीड जिल्ह्यात बोट आधी सुनेकडे जातं. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासतात, नळ्या तपासतात, मग नवस आणि झाडपाला. नवरा बाहेर बाकावर बसून असतो. खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. त्याची पहिली तपासणी मात्र अगदी साधी आहे. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही, आणि पैसेही बायकोच्या दुर्बिणीच्या तपासणीच्या मानाने फार कमी लागतात. ज्या जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, तिथे बाईच्या शरीराला हात लावण्याआधी पुरुषाची वीर्य तपासणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती नीट कशी करून घ्यायची, ते सांगतो.

वेळ कधी आली समजायची? कुठलंही साधन न वापरता वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर. बायकोचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. यात एकत्र राहिलेलेच महिने मोजायचे. नवरा ऊसतोडीच्या फडावर आणि बायको गावी, असे गेलेले महिने हिशेबात धरू नका.

आता तारीख ठरवा. बीडच्या माणसाने इथे घाई करू नये, कारण शुक्राणू एका दिवसात तयार होत नाही. अंडकोषात तो घडायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज दिलेला नमुना दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीची साक्ष देतो. मार्चमध्ये फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, टायफॉइडने किंवा मलेरियाने फणफणला असाल, तर मेच्या रिपोर्टमध्ये आकडा खाली दिसू शकतो आणि तो पुढे आपोआप सुधारतोही. एकाच तपासणीवर निकाल लावू नये, म्हणून दुसरी सहसा दोन-तीन महिन्यांनी करतात. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेपर्यंत परततात. तेव्हा परतल्यावर मेमध्ये पहिली आणि ऑगस्टमध्ये दुसरी केली, तर मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन गाडी निघण्याआधी दोन्ही रिपोर्ट हातात असतात आणि डॉक्टरांशी बोलायलाही वेळ उरतो.

लॅब निवडताना जवळची बघा, नावाची नंतर. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. आष्टीकडच्यांना नगर सोयीचं, परळीकडच्यांना लातूर. कुठेही जायचं तरी आधी चौकशी करा: वीर्याचा नमुना कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत घेता? तिथेच नमुना द्यायला कडी लागणारी खोली आहे का? मोजणी अंदाजाने करता की मोजणीच्या चौकटीच्या काचेवर? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. ‘अंदाजे बरे आहेत’ एवढंच लिहिलेल्या कागदाचा पुढच्या डॉक्टरला काही उपयोग नसतो.

जाण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपात होऊ द्यायचा नाही. झोपेत झाला तरी तो धरायचा आणि दिवस पुन्हा मोजायचे. जास्त दिवस साठवलं की रिपोर्ट चांगला येतो, ही समजूत चुकीची आहे. सात दिवसांच्या पुढे प्रमाण वाढलेलं दिसतं, पण जुने शुक्राणू मंदावलेले असतात. पहिल्या वेळी चार दिवस ठेवले असतील तर दुसऱ्या वेळीही चारच ठेवा, म्हणजे दोन रिपोर्ट एकमेकांशी ताडून पाहता येतात.

नमुना देताना आधी लघवी करून घ्या. हात आणि लिंग साबणाने धुवा, साबण पूर्ण निघू द्या आणि कोरडं करा. हस्तमैथुन करून लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीतच वीर्य घ्यायचं. घरची औषधाची बाटली चालत नाही. तेल, क्रीम, थुंकी काहीही लावायचं नाही. दुकानातला साधा निरोध वापरू नका, त्यातल्या द्रव्यांनी शुक्राणू मरू शकतात. संबंधाच्या वेळी ऐनवेळी बाजूला होऊन डबी धरणं हेही बरोबर नाही. सगळ्यांत जास्त शुक्राणू पहिल्या धारेत असतात आणि नेमकी तीच सांडते. सांडलंच तर लपवू नका. सुरुवातीचं सांडलं की शेवटचं, ते सांगा. नाहीतर चांगल्या माणसाच्या नावावर ‘कमी’ असा शिक्का बसतो.

अनोळखी खोलीत, बाहेर माणसं बोलत असताना, पुष्कळांना जमत नाही. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. बायकोला सोबत आत येऊ द्या म्हणावं. तरीही नाहीच जमलं, तर नमुना घरी घेण्याबद्दल विचारा. घर आणि लॅब यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर असेल तरच हे करावं, तासाच्या आत डबी पोचलीच पाहिजे. झाकण घट्ट लावा. डबीवर नाव आणि वीर्य बाहेर आल्याची वेळ लिहा. डबी उभी, शर्टाच्या आत अंगालगत ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत मेच्या उन्हात ती तापते, बर्फात गारठते, आणि दोन्हींनी नमुना वाया जातो. २० ते ३७ अंश एवढीच ऊब हवी.

लॅबमध्ये पुढे काय होतं, हे माहीत असलेलं बरं. ताजं वीर्य आधी गोळ्यासारखं घट्ट असतं. १५ ते ३० मिनिटांत, फार तर तासाभरात, ते पातळ होतं. मग प्रमाण मोजतात आणि एक थेंब काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही शुक्राणू सरळ पुढे पळताना दिसतात, काही जागच्या जागी शेपटी हलवतात, काही निपचित पडलेले असतात. तंत्रज्ञाने निदान २०० शुक्राणू मोजायचे आणि पुन्हा दुसऱ्या थेंबात तितकेच मोजायचे, असा दंडक आहे.

रिपोर्टमध्ये शेजारी दिलेले आकडे बहुधा जागतिक आरोग्य संघटनेचे असतात. २०२१च्या आवृत्तीप्रमाणे खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. काही लॅब अजून २०१०चे १.५ मिलिलिटर आणि १ कोटी ५० लाख हे आकडे छापतात, त्याने गोंधळू नका. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून ही रेघ काढली आहे, आणि त्यांच्यातलेही शंभरात पाच जण रेघेखाली होते. म्हणजे रेघेखाली गेलेल्याला मूल होणारच नाही असं नाही, आणि रेघेच्या वर असलेल्याला खात्रीही नाही. आकाराच्या ओळीत ‘९६ टक्के सदोष’ वाचून कित्येकजण खचतात. चार टक्के चांगले असणं हीच तर मर्यादा आहे.

डॉक्टरकडे जाताना या गोष्टी स्वतःहून सांगा: गेल्या तीन महिन्यांतला ताप, वयात आल्यावर झालेली गालफुगी, हर्नियाचं ऑपरेशन, अंडकोषाला लागलेला मार, तंबाखू-गुटखा, दारू, कापसावर केलेली फवारणी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध बनवणाऱ्या कामगारांचे शुक्राणू नाहीसे झाल्याचं १९७७मध्ये उघड झालं. त्यानंतर कामाच्या जागी होणारा रसायनांचा संपर्क डॉक्टर विचारात घेऊ लागले. जिममध्ये किंवा गावात ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत असाल तर ते आधी सांगा. ते बाहेरून मिळालं की अंडकोष शुक्राणू बनवणं थांबवतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात.

रिपोर्टमध्ये शून्य आलं तर? घाबरून घरात सांगत सुटू नका. नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ तपासला का, ते विचारा आणि तपासणी पुन्हा करा. तरीही शून्य असेल तर अंडकोषाची तपासणी आणि एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या रक्ताच्या चाचण्या होतात. शुक्राणू बनतच नाहीत की बनतात पण वाट बंद आहे, हे त्यावरून कळायला मदत होते. वाट बंद असेल तर सुईने शुक्राणू काढून स्त्रीबीजात सोडता येतो. बीजात शुक्राणू सोडण्याच्या या इक्सी नावाच्या पद्धतीने पहिली बाळं १९९२मध्ये जन्मली. हे कळायच्या आत पावडरी आणि भस्मांवर उचलीचे पैसे घालवू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. या तपासणीतून मुलगा होईल की मुलगी, हे कळत नाही. ‘मुलाचे शुक्राणू वेगळे करून देतो’ म्हणणारा लिंगनिवड रोखणाऱ्या १९९४च्या, २००३मध्ये सुधारलेल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेलेल्या आपल्या जिल्ह्यात असा माणूस भेटला, तर तिथून उठा.

दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत नवरा-बायकोने बरोबरच जावं. फाईल तुमच्याकडे ठेवा, सासू-सासऱ्यांकडे नको. निघण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे साखर कारखान्यावर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर तपासणी पहिल्यापासून करावी लागणार नाही.