हजार एरर, एक पंखा

भिवंडीत लूमवाल्यांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. फोन येतो तो बहुतेक एकाच रडगाण्याचा : 'मशीन फार स्लो झालंय.' जाऊन पाहावं तर वेग वाढवण्याची हमी देणारं कुठलंसं 'क्लीनर' सॉफ्टवेअर आधीच ठाण मांडून बसलेलं.

एका कारखान्यात मुनीमजींनी पैसे मोजून असंच सॉफ्टवेअर घेतलं होतं. लाल अक्षरांत हजारावर एरर, खाली 'फिक्स ऑल'. त्यांनी बटण दाबलं. एरर शून्यावर आले, पण टॅली उघडायला पूर्वीइतकाच वेळ. वर ब्राउझरमधले पासवर्ड पुसले गेले. ई-वे बिलाच्या पोर्टलवर शिरता येईना आणि तागे भरलेला टेम्पो दारात खोळंबलेला. मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा गादीसारखा थर! हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणच वेग उतरवतो. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, मशीन पळायला लागलं.

मग ते हजार एरर कसले? काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या, विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत उरलेल्या नोंदी. त्यांनी वेगात काडीचा फरक पडत नाही. भलती नोंद उडाली तर मात्र चालू प्रोग्रॅम बंद पडतो. रजिस्ट्री क्लीनर वापरा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टही सांगत नाही.

घाबरवून विकण्याचा हा प्रकार परदेशातही झाला. अमेरिकेत तर ऑफिस डेपोच्या दुकानांत कॉम्प्युटरच्या तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारत. एकावर जरी टिक झाली, तरी 'मालवेअरची लक्षणं' हा निकाल ठरलेलाच. त्यापायी २०१९मध्ये ती कंपनी आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. नावाजलेल्या सीक्लीनरचंच पाहा : २०१७मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीतच हॅकरांनी व्हायरस घुसवला आणि ती सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरांवर पोहोचली.

विंडोजमध्ये लागतं ते फुकट आहे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये नको ते प्रोग्रॅम बंद करा, 'स्टोरेज सेन्स' चालू ठेवा. जुनी हार्ड डिस्क असेल तर क्लीनरचे पैसे एसएसडीत घाला. आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर. लूम शेजारी असेल तर कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावर. ब्लोअर मारताना वीज बंद करून पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं.