बंद दाराआडचे घर : रोममधील कीट्स-शेली स्मृतिगृह

रोम शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘पियात्सा दि स्पान्या’ या चौकात, तेथील प्रसिद्ध दगडी पायऱ्यांना लागून, उजव्या हाताला एक जुनी इमारत उभी आहे. तिचा क्रमांक २६. या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील एका अरुंद खोलीत जॉन कीट्स या इंग्रज कवीचे २३ फेब्रुवारी १८२१ रोजी क्षयाने निधन झाले. त्या वेळी त्याला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होऊन चार महिनेही लोटले नव्हते. १९०६ साली साहित्यप्रेमींनी वर्गणी जमवून हे घर विकत घेतले आणि १९०९ साली कीट्स, शेली, बायरन प्रभृतींच्या स्मृतीचे संग्रहालय म्हणून ते सर्वांस खुले झाले. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे इटलीतील सर्व संग्रहालये शासनाच्या आदेशाने बंद झाली. त्यांत हेही घर होते. मात्र साथीच्या कायद्याची आणि या घराची गाठ तेव्हा प्रथमच पडली असे नाही. किंबहुना, तेथे आज जे पाहावयास मिळते आणि जे मिळत नाही, त्याचा पुष्कळसा भाग सार्वजनिक आरोग्याच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या एका नियमाने ठरविलेला आहे.

नेपल्सच्या बंदरातील दहा दिवस

कीट्स हा मुळात वैद्यकाचा विद्यार्थी. लंडनच्या गाइज रुग्णालयात त्याचे शिक्षण झाले होते व १८१६ साली व्यवसायाचा परवानाही त्यास मिळाला होता. त्याची आई १८१० साली वारली, धाकटा भाऊ टॉम १८१८ साली क्षयाने गेला. भावाची अखेरची शुश्रूषा त्यानेच केली. त्यामुळे फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्याबरोबर रक्ताचा ठिपका उशीवर पडला, तेव्हा त्याचा अर्थ त्यास दुसऱ्या कोणी सांगावा लागला नाही. त्या काळच्या प्रघातानुसार उबदार हवेचा उपाय सुचविण्यात आला आणि सप्टेंबरमध्ये जोसेफ सेव्हर्न या तरुण चित्रकार मित्रासह तो जहाजाने इटलीस निघाला.

२१ ऑक्टोबर रोजी जहाज नेपल्सला पोहोचले. परंतु लंडनमध्ये टायफसची साथ असल्याचे कारण देऊन बंदराच्या अधिकाऱ्यांनी कोणासही उतरू दिले नाही. दहा दिवस सर्व प्रवासी त्या लहानशा जहाजात, दाटीवाटीच्या केबिनमध्ये अडकून पडले. क्षयाचीच आणखी एक तरुण रुग्ण त्यांच्यात होती. समोर शहर दिसत होते, पण तेथे पाऊल ठेवता येत नव्हते. ३१ ऑक्टोबरला सुटका झाली, तो दिवस कीट्सचा पंचविसावा वाढदिवस होता. नियम टायफसचा होता, म्हणून क्षयाचे दोन रुग्ण मुदत संपताच किनाऱ्यावर उतरले! नियमाचे शब्द आणि नियमाचा हेतू यांत केव्हा केव्हा असे अंतर पडते, हे शासकीय कामाचा अनुभव असणाऱ्यांस नवीन नाही.

भिंती खरवडल्या गेल्या

नोव्हेंबरच्या मध्यास दोघे रोमला आले. डॉ. जेम्स क्लार्क या स्कॉटिश वैद्यांनी आपल्या निवासासमोरच त्यांच्यासाठी खोल्या पाहून ठेविल्या होत्या. उपचार मात्र त्या काळास साजेसे झाले. आधीच क्षीण झालेल्या रुग्णाचे रक्त काढण्यात आले आणि आहार इतका कमी करण्यात आला की तो भुकेने व्याकूळ होई. मृत्यूनंतर शरीराची तपासणी केली, तेव्हा फुप्फुसे जवळजवळ संपूर्ण नष्ट झालेली आढळली.

यानंतर कायद्याचे काम सुरू झाले. रोमवर तेव्हा पोपची सत्ता होती आणि दक्षिण युरोपातील अनेक राज्यांप्रमाणे तेथेही क्षय हा संसर्गजन्य रोग मानला जात असे. रुग्ण दगावला की त्याच्या खोलीतील सामान जाळून टाकावे, भिंती खरवडाव्यात असा नियम होता. त्याप्रमाणे घरातील सामानाची होळी झाली, भिंतींचा गिलावा काढला गेला, दारे-खिडक्या नव्या बसविण्यात आल्या. घरमालकिणीने नुकसानभरपाईचा तगादा लावला तो निराळाच. मित्राच्या उशाशी तीन महिने जागलेल्या सेव्हर्नने या सर्वांस पाशवी प्रकार म्हटले, यात नवल नाही.

परंतु शास्त्राच्या दृष्टीने पाहता दोष सर्वस्वी रोमच्या अधिकाऱ्यांचा होता काय? इंग्लंडमधील बहुतेक वैद्य त्या वेळी क्षयास आनुवंशिक किंवा प्रकृतिदोषाचा विकार समजत. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागतो हे रोमचे म्हणणे खरे ठरले. जंतूचे नावही ठाऊक नसताना तेथील नियम सत्याच्या अधिक जवळ होता. उपाय मात्र पुरता नेमका नव्हता. क्षय पसरतो तो मुख्यतः रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडणाऱ्या कणांमुळे, मेजखुर्च्यांमुळे नव्हे. बंद खोलीत मोकळी हवा खेळू दिली असती, तर होळीपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला असता. आणि तोही रुग्ण जिवंत असताना.

या प्रसंगाची दुसरी बाजू महाराष्ट्रास परिचित आहे. रोमची ही घटना घडून शहात्तर वर्षे झाली आणि १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घरोघर झडत्या सुरू झाल्या. सामान जाळले गेले, घरे धुऊन काढण्यात आली. या वेळी हुकूम देणारे इंग्रज होते आणि दाराशी हतबल उभे राहणारे येथील लोक. त्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेल्या हल्ल्यात झाली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. त्या साथीसाठी झालेला १८९७ चा साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, हे वाचकांस स्मरत असेलच.

खोलीत काय उरले

कीट्सच्या खोलीत आज जो पलंग दिसतो, तो त्या काळच्या धर्तीचा असला तरी त्याचा नव्हे. तो जळाला. मूळचे म्हणून जे उरले, त्यात छत आणि शेकोटी ही मुख्य. छताच्या लाकडी चौकटींत फुलांची नक्षी आहे. अंथरुणावर खिळलेल्या माणसास दिवसचे दिवस हीच फुले डोळ्यांसमोर असणार. आपल्यावर फुले उगवत आहेत असे वाटते, असे तो सेव्हर्नला म्हणाल्याची नोंद आहे. भेट देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या चौकाकडे जाते आणि वर पाहावयाचे राहून जाते.

दुसऱ्या महायुद्धातही या घराच्या खिडक्या मिटलेल्या होत्या. सर्वांत मोलाचे अवशेष दोन पेट्यांत भरून डिसेंबर १९४२ मध्ये मोंते कासिनोच्या मठात सुरक्षिततेसाठी पाठविण्यात आले. १९४३ च्या शरद ऋतूत मठातील एका संन्याशाने त्या पेट्या आपल्या खाजगी सामानात घालून रोमला परत आणल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये तो मठ बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला.

२०२० ची बंदी

युनेस्कोने मे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातील सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५ हजारांहून अधिक संग्रहालयांची दारे त्या काळात बंद झाली होती. आकडा मोठा आहे. पण त्यातील स्मृतिगृहांची अडचण इतरांहून वेगळी होती. प्रशस्त दालनांच्या संग्रहालयात माणसे अंतर राखून फिरू शकतात. एका माणसाच्या निजण्यापुरत्या बांधलेल्या खोलीत ते शक्य नाही, आणि खोली रुंद करावी तर पाहण्यासारखे काही उरत नाही. शिवाय अशी अनेक घरे न्यासांकडून चालविली जातात. रोमचे हे घरही एका ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या मालकीचे आहे. प्रवेशशुल्क थांबले की पगार आणि छपराची डागडुजी हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात.

दार बंद केले म्हणून काम बंद होत नाही. जुन्या पुस्तकांना दमट हवा व कसर लागते. त्यांची पाहणी करण्यास कोणी ना कोणी आत जावेच लागते. येथे एक गोष्ट विशेष नोंदण्यासारखी आहे. जंतुनाशके फवारल्यास जुने लाकूड, रोगण, कागद यांची कायमची हानी होते. म्हणून वस्तू पुसू नयेत, काही दिवस कोणी हात न लावता तशाच ठेवाव्यात, म्हणजे विषाणू आपोआप निष्प्रभ होतो, असा सल्ला जतनशास्त्राच्या जाणकारांनी २०२० मध्ये दिला. १८२१ मध्ये ज्या खोलीतील सामान जाळले गेले, तसल्या खोल्यांना या वेळी नुसते कुलूप पुरले.

मे २०२० मध्ये इटलीतील संग्रहालयांना पुन्हा परवानगी मिळाली. नोव्हेंबरमध्ये ती परत बंद झाली. अशा धरसोडीतच कीट्सच्या मृत्यूची द्विशताब्दी २३ फेब्रुवारी २०२१ रोजी आली. प्रवासावरील निर्बंधांमुळे परदेशातील वाचकांस रोमला जाता येणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा घराच्या वतीने त्याच्या अखेरच्या दिवसांवरील चित्रफीत, आयरिश गायक बॉब गेल्डॉफ यांच्या निवेदनासह, संगणकाच्या माध्यमातून सर्वांसाठी सादर करण्यात आली.

अशी भेट प्रत्यक्ष भेटीची बरोबरी करू शकत नाही. पायऱ्यांवरील गजबज आणि आतील शांतता यांतील फरक पडद्यावर कळत नाही. खोली किती लहान आहे, हेही चित्रात नीट उमगत नाही. शिक्षकांस ही उणीव काही अंशी भरून काढता येईल. वर्गाच्या जमिनीवर खडूने एका पलंगाची, एका शेकोटीची आणि एका खिडकीची जागा आखावी, आणि मग चित्रफीत दाखवावी. उलट, पडद्याची एक सोयही आहे. प्रेक्षकास संग्रहालयातील पलंगावर आडवे होता येत नाही. कॅमेऱ्यास उशीच्या उंचीवरून छताकडे पाहता येते. त्या उंचीवरून फुले बरीच जवळ दिसतात.