जिवाला लागलेला घोर आणि झिजणारे शरीर

बीपीची गोळी लिहून देताना डॉक्टर सांगतात, "टेन्शन घेऊ नका." आपण मान डोलावतो आणि घरी येतो. घरी बचत गटाचा हप्ता उभा असतो, कापसाचा भाव पडलेला असतो, पुण्याला गेलेल्या मुलाचे काम सुटलेले असते. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही. म्हणून "घेऊ नका" एवढे सांगून भागत नाही. हा ताण शरीरात नेमके काय करतो आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, ते या पाठात पाहू.

ताण शरीरात काय करतो?

निंदण करताना पायाजवळ साप दिसला तर छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास जोरात चालतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन छोट्या ग्रंथी अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढते, पळायला बळ मिळते. साप निघून गेला की थोड्या वेळाने सगळे जागेवर येते. हा ताण जीव वाचवणारा आहे.

पण कर्ज सापासारखे निघून जात नाही. नवऱ्याची दारू, मुलीच्या लग्नाची काळजी, कामावर रोज ऐकावा लागणारा जातीचा टोमणा, हेही निघून जात नाही. मग शरीर महिनोन्महिने साप समोर असल्यासारखे सावध राहते. झोप तुटते, पोट बिघडते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहत नाही. असे वर्षानुवर्षे चालले की मधुमेह, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो.

वयाआधी म्हातारपण

साडीच्या काठाचे धागे निघू नयेत म्हणून आपण पिको करतो. आपल्या पेशींमधल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच संरक्षण असते. त्याला टेलोमिअर म्हणतात. वय वाढते तसे ते आखूड होत जाते. २००४ साली अमेरिकेत एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी दीर्घकाळ आजारी मुलांची सेवा करणाऱ्या आया तपासल्या. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर जणू दहा वर्षांनी म्हाताऱ्या बाईइतके आखूड आढळले. अभ्यास लहान होता, आणि पुढच्या अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही. पण ताण आणि लवकर येणारे म्हातारपण यांचे नाते त्यातून अभ्यासाचा विषय झाले. टेलोमिअरवरील संशोधनासाठी ब्लॅकबर्न यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधी, १९९२ मध्ये, आर्लीन जेरोनिमस या अमेरिकन संशोधिकेने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे आरोग्य गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी वयात ढासळते. याचे कारण त्यांनी रक्तात शोधले नाही. गरिबी आणि भेदभाव वर्षानुवर्षे सोसल्याने शरीर ऊनपावसातल्या भिंतीसारखे झिजते, असे त्यांनी सांगितले. आपल्या वस्तीतल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला लोक साठीची का समजतात, याचे उत्तर शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. ताण हा त्या बाईचा कमकुवतपणा नाही. म्हणून हक्काचा लढा आणि आरोग्याची काळजी ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात.

आपल्या हातात काय आहे?

१. तपासणी. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे तो कळत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी व साखर तपासून घ्यावी. बीपी वारंवार १४०/९० किंवा जास्त येत असेल तर उपचार लागतो. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये.

२. श्वास. आनापानसती आपल्याला नवी नाही. विहारात शिकलेले घरी आणावे. पाठ ताठ ठेवून बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. सकाळी दहा मिनिटे, झोपण्याआधी दहा मिनिटे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, शरीराला "साप गेला" असा निरोप मिळतो. याने हप्ता फिटत नाही; पण हप्त्याचा विचार शांत डोक्याने करता येतो.

३. झोप. शक्यतो रोज ठरलेल्या वेळी झोपा आणि उठा. संध्याकाळनंतर चहा टाळा. मोबाइल उशाशी ठेवू नका.

४. खर्रा आणि दारू. खर्रा खाल्ला की डोके शांत होते, असे पुष्कळ जण सांगतात. खरे पाहता तंबाखूतील निकोटिन नाडी आणि बीपी वाढवते. आधीच्या खर्‍याची तलफ भागते, ते आपल्याला शांती वाटते. दारूने झोप लागते, पण ती मध्यरात्री मोडते आणि दुसऱ्या दिवशी घोर वाढतो. पाचवे शील आरोग्याच्या दृष्टीनेही पाळण्यासारखे आहे.

५. विसावा. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश नको. तिला विसावा हवा. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पाणी भरणे, भांडी घासणे वाटून घेतले तर तो मिळेल. बसून काम करणाऱ्यांनी मात्र रोज अर्धा तास चालावे.

६. बोलणे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी मनाच्या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेले. बोलणे सुरू झाले की उपचाराचा रस्ता मोकळा होतो.

मदत कधी घ्यावी?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेली, कामात हात चालत नाही, असे असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये "प्रेरणा प्रकल्प" सुरू केला. त्यात यवतमाळही आहे. आपल्या आशाताईंशी बोला. टेलि-मानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

घरातले कोणी "आता जगून काय करू" असे म्हणाले तर ते बोलणे उडवून लावू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

आणखी एक खबरदारी. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे बळी गेले. फवारणीच्या दिवशी खूप घाम, मळमळ, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ, जीव घाबरणे असे झाले तर "टेन्शन आहे" म्हणून झोपू नका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यातही वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा.

या आठवड्याचा अभ्यास

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास थांबा. दहा मिनिटे आनापानसती करा. मग या आठवड्यात सर्वांत मोठा घोर कशाचा होता, ते ज्याला सांगावेसे वाटेल त्याने सांगावे. बाकीच्यांनी उपदेश न करता ऐकावे. शक्य झाल्यास आशाताईंना बोलावून सर्वांचे बीपी मोजून घ्यावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडावी.