गॅरेज आवरून घेण्याआधी

गॅरेज आवरून देणारी माणसं बोलावणार असाल, तर ती यायच्या आत फरशी-संडासाचं ॲसिड तिथून हलवा. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

आमच्याकडचं बुकिंग मुलीने बंगळुरूहून परस्पर केलं होतं. एकसारख्या टी-शर्टातली मुलं-मुली आली. गॅरेजमधली हत्यारं माझी आहेत. वडील भोसरीला टूलरूममध्ये फिटर होते, त्यांच्याकडून आलेली. पण पाना असो, पटाशी असो की गिरमिट, प्रत्येक वेळी विचारणा ह्यांच्याकडे : "काका, हे ठेवायचं?" ह्यांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही. हे आपले चहा पीत "ठेवा, ठेवा" म्हणत होते.

भिंतीवरच्या फळीला टांगलेली माझी हत्यारं म्हणजे म्हणे 'व्हिज्युअल क्लटर'. सगळी उतरवली आणि दार घट्ट लागणाऱ्या लोखंडी कपाटात पारदर्शक डब्यांतून मांडली. खालचा कप्पा 'लिक्विड्स'चा : थिनर, टर्पेंटाइन आणि ॲसिडची बाटली. मी म्हटलं, ॲसिड इथे नको. त्यावर, "काकू, झाकण घट्ट आहे." मग फोटो काढले आणि गेले.

पुढे बेसिनचा नळ गळायला लागला म्हणून कपाट उघडलं, तर आधी नाकात झणझणीत वास शिरला. नाशिकच्या टापारियाचे पाने नारिंगी. कानशी हाताला बुरा लावणाऱ्या. वडिलांच्या व्हर्नियरवरचे आकडे वाचता येईनात, जबडा जागचा हलेना. आयुष्यभर तेलाचं बोट फिरवून ठेवलेली वस्तू ती. मी कपाटासमोर तशीच उभी राहिले. हे म्हणाले, "नळाचं काय?"

फोनवर उत्तर मिळालं, "पावसाळ्यात लोखंड गंजणारच ना, काकू." मग स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधल्या पकडीचा फोटो पाठवला. तोच पाऊस, तेच घर, पक्कड लख्ख. बाजारात मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. झाकण लावलेलं असलं तरी त्याची वाफ झिरपते, बंद कपाटात कोंडते आणि दमट हवेबरोबर लोखंडावर बसते. हे लिहून पाठवलं, तर उत्तरात दोन जोडलेले हात आले.

असं झालंच तर हत्यारं आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, बारीक पॉलिश पेपर मारा आणि मशीन ऑइलचा हात फिरवा. माझे पाने वाचले, कानशी गेल्या. नव्या कानशी एकमेकींवर टाकू नका, दातांवर दात घासून बोथट होतात. प्रत्येक कापडात वेगळी गुंडाळा. पाने ६-७, ८-९, १०-११ असे क्रमाने टांगा, म्हणजे शेजारच्यांनी नेलेला लगेच कळतो. (आणि ते नेतातच.) भिंतीचे आणि लोखंडाचे ड्रिल बिट एका डब्यात नकोत. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या डोक्यावरही हत्यारांची फळी नको : चार्जिंग होताना तिच्यातूनही आम्लाचे कण उडतात. थिनर तर तिच्या आसपासही नको. आणि ॲसिड हलवाल तेव्हा ब्लीचिंग पावडरशेजारी नेऊन ठेवू नका, दोन्ही मिसळली तर विषारी वायू होतो.

बाकी नको ते देऊन टाका, दिवाळीच्या आधी एकदा आवरा, हे सगळे सांगतातच. चिठ्ठ्या मात्र वापरणाऱ्याने आपल्या हाताने लिहाव्यात. त्यांनी माझ्या वायसर, टेफलॉन टेप आणि ओळंब्याच्या डब्यावर 'मिसलेनियस' चिकटवलं होतं.

मुलगी म्हणते, जाऊ दे आई. त्या लोकांनी आता माझ्या गॅरेजचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो जाहिरातीत लावले आहेत. 'नंतर'च्या फोटोत खालच्या कप्प्यात ॲसिडची बाटली स्वच्छ दिसते. काढा म्हणून सांगितलंय, अजून काढलेला नाही.