बिनतारी उपकरणे आणि आरोग्य : भीती किती, दक्षता किती?

रुग्णाच्या खाटेशेजारी बसलेले नातेवाईक आम्हांस अनेकदा विचारतात, "कार्यालयात दिवसभर कॉर्डलेस फोन कानाशी, डोक्यावर वाय-फायचे यंत्र, त्यामुळेच तर हा आजार जडला नसेल ना?" या प्रश्नामागील व्याकुळता आम्ही जाणतो. म्हणूनच त्याचा ऊहापोह येथे करीत आहोत.

'रेडिएशन' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, हे गोंधळाचे मूळ होय. क्ष-किरणांत अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे पेशींतील डीएनएला इजा पोहोचू शकते. कॉर्डलेस फोन, मोबाइल व वाय-फाय यांच्या रेडिओलहरींत ती क्षमता नसते. त्या अतितीव्र असल्यास ऊतींचे तापमान वाढते, हा त्यांचा सिद्ध परिणाम. डिजिटल कॉर्डलेस फोनची सरासरी शक्ती मात्र सुमारे १० मिलीवॅट एवढीच असते. शिवाय उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की लहरींची तीव्रता साधारणतः एक-चतुर्थांश होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी '२-बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात ठेवल्या. पुरावा मर्यादित आहे, निर्णायक नाही, असा याचा अर्थ. पुढे संघटनेच्याच पुढाकाराने झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तथापि दक्षता घेण्यास काहीच खर्च येत नाही. कॉर्डलेसचा तळसंच व वाय-फायचे यंत्र बैठकीपासून हातभर दूर ठेवावे. दीर्घ संभाषणासाठी तारेचा फोन किंवा स्पीकर वापरावा. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी मोबाइल त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. तो छातीवरील खिशात ठेवू नये.

खरा धोका आम्हांस निराळाच दिसतो. सततची डोकेदुखी, अंधुक दृष्टी वा आकडी यांचा दोष फोनवर टाकून तपासणी लांबविली, तर उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. तसेच 'रेडिएशन' या शब्दाच्या धास्तीने आवश्यक क्ष-किरण तपासणी वा किरणोपचार नाकारणेही घातक ठरते.

आप्तांना आमची एवढीच विनंती, की फोनमुळे आजार झाला असे मानून स्वतःस वा रुग्णास दोष देऊ नये. शंका मनात न ठेवता डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी.