पाच वर्षांची ओळख

विम्याच्या फॉर्ममध्ये एजंटने भरायचं एक वेगळं पान असतं. गोपनीय अहवाल म्हणतात त्याला. 'विमा घेणाऱ्याला आपण किती वर्षांपासून ओळखता?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ५ वर्षे. 'त्याची तब्येत चांगली दिसते का?' होय. खाली माझी सही. त्या माणसाला मी कधीही पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या बायकोने पिशवीतून काढलेल्या फोटोत, आणि त्या फोटोला आधीच कुंकू लागलेलं होतं.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक सेल्स मॅनेजर बार्शीला घरी आले. हे पाटबंधारे खात्यात कारकून. तालुकाभर ओळखी. पण सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही. सर म्हणाले, "वहिनींच्या नावाने घेऊ की. त्यांना काही करावं लागणार नाही."

मला खरं तर हायसं वाटलं. शिवणकाम, सासूबाईंचं पथ्यपाणी, दोन पोरं यातून मान वर काढायला वेळ नव्हता. काही न करता चार पैसे येणार असतील तर नको कोण म्हणेल? आज एखादी बाई मला हे वाक्य जसंच्या तसं सांगते, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते आणि तिला बसवून घेते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांत बायकोच्या एजन्सीसाठी नवऱ्याने गिऱ्हाईक गाठणं हादेखील नियमभंग आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सरांना असावं.

कागद फार लागत नाहीत. दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला चेक. वय १८ च्या पुढे हवं. परीक्षेआधी २५ तासांचं प्रशिक्षण असतं. माझं हजेरीपत्रकावर झालं. आयसी-३८ नावाचं पुस्तक असतं, ते मी उघडलंसुद्धा नाही. सरांनी प्रश्नोत्तरांची झेरॉक्स दिली होती, ती सोलापूरच्या एसटीत पाठ केली. ५० प्रश्न, एक तास, मराठीतून देता येते. ३५ टक्क्यांना पास, म्हणजे १८ उत्तरं बरोबर आली की झालं, आणि चुकीला गुण कापत नाहीत. मला ४३ पडले. घरी पेढे आले. विमा हा परमसद्भावाचा करार आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीही लपवायचं नाही, यावर दोन प्रश्न होते. दोन्ही बरोबर आले होते.

लोक अजून 'लायसन निघालं का?' असंच विचारतात. पूर्वी लायसन्सच असायचं. २०१५ ला विमा कायदा बदलला, तेव्हापासून कंपनीच एजंटला नियुक्तीपत्र देते, आणि एजंटने काही केलं तर कंपनीलाही जबाबदार धरतात, दंड एक कोटीपर्यंत होऊ शकतो. ऐकायला बरं वाटतं. पण त्याचाच परिणाम असा की प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की कंपनी आधी एजंटचा हात सोडते.

महिनाअखेरीला सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन यायचे. सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची. पोहे होईस्तोवर माझ्या दहा-बारा सह्या झालेल्या असत. शेगडी बारीक करून, पदराला हात पुसून मी सह्या केल्यात, वरचं एक अक्षर न वाचता. कमिशन माझ्या खात्यात यायचं. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. त्या दिवाळीला फ्रीज घेतला.

२०१९ च्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, वैरागकडच्या एका गावातून ती आली. सोबत दीर आणि सातेक वर्षांची मुलगी. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी पाहुणा. पाच लाखांची पॉलिसी, वर्षाचा हप्ता २४ हजार, दोन हप्ते भरलेले, चौदाव्या महिन्यात माणूस गेला. कंपनीने क्लेम नाकारला होता. तपास करणाऱ्याला सोलापूरच्या दवाखान्यातले जुने कागद सापडले होते. शुगर चार वर्षांपासून होती आणि फॉर्मवर 'मधुमेह आहे का?' पुढे 'नाही' असं होतं.

ती भांडायला आलेली नव्हती. पाणी प्याली आणि म्हणाली, "ताई, यांनी सांगितलं होतं हो शुगरचं. गोळ्यांचं पाकीटसुद्धा दाखवलं होतं. साहेब म्हणाले, कशाला लिहिता, मेडिकल लागेल, हप्ता वाढेल." मग फॉर्मची प्रत उलगडून तिने माझ्या सहीवर बोट ठेवलं. "ही तुमचीच ना?"

मी हो म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

रात्री हे म्हणाले, गप्प बस, आपल्याला काही होत नाही. सरांनी तोवर कंपनी बदलली होती, फोन उचलत नव्हते. मी पहिल्यांदाच फॉर्म वाचायला घेतला, पुढून मागे. त्याच्यावर कायद्याची कलमंच छापलेली होती. कलम ४१ : हप्त्यात सूट देणं किंवा घेणं गुन्हा, दंड दहा लाखांपर्यंत. आणि आम्ही निम्म्या लोकांना 'पहिला हप्ता आम्ही भरतो' म्हणूनच पॉलिसी दिलेल्या. कलम ४५ : पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याही कारणाने ती खोडून काढता येत नाही, त्याआधी मात्र लपवाछपवीसाठी नाकारता येते. याच कलमात एक ओळ आहे, जी मला पुढे एका जुन्या एजंट काकांनी दाखवली : जो माणूस विम्याचा व्यवहार जमवून देतो, तो करारापुरता कंपनीचा प्रतिनिधी धरला जातो. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलं आणि आमच्या माणसाने लिहिलं नाही, तर तो दोष एकट्या गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही.

त्या ओळीच्या आधारावर मी लेखी जबाब दिला. फॉर्म गिऱ्हाइकाने भरला नाही, मी त्याला भेटलेच नाही, अहवालातली माहिती खोटी आहे, सही माझी आहे. ह्यांच्याशी महिनाभर बोलणं बंद होतं. नोकरीची भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती. तरी लिहिलं. तिने आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. महिनाभरात समाधान झालं नाही म्हणून पुण्याला विमा लोकपालांकडे गेली. तिथे फी लागत नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या अखेरच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. हे एजंटांनी तरी पाठ ठेवावं, कारण क्लेम अडला की बाई आधी तुमच्याच दारात येते. शेवटी तडजोड झाली. पाच लाख मिळाले नाहीत. मिळाले त्यात तिने दिराचं कर्ज फेडलं आणि शेळ्या घेतल्या, एवढं मला माहीत आहे.

एजन्सी मी सोडली. सोडल्याचा दाखला कंपनीकडून लेखी घ्यावा लागतो, त्याशिवाय दुसरी कंपनी उभं करत नाही, आणि त्यानंतरही ९० दिवस थांबावं लागतं. ते तीन महिने मी आयसी-३८ वाचत बसले. परीक्षा पास झाल्यावर अभ्यास करणारी मीच असेन. मग दुसऱ्या कंपनीत गेले, या वेळी स्वतःसाठी.

आता कुणी नवीन बाई विचारायला आली की मी तिला आधी विचारते, फिरणार कोण? उत्तरात नवरा, दीर, भाऊ आला तर मी सरळ नको म्हणते. एजंटचा कोड तुझा, तर माणूस तू बघायचास, गोळ्यांचं पाकीट तू हातात घ्यायचंस. कोऱ्या फॉर्मवर सही तू करायची नाहीस आणि गिऱ्हाइकालाही करू द्यायची नाहीस. मॅनेजर पहिल्याच बैठकीत ओळखीच्या लोकांच्या शंभर नावांची यादी लिहायला लावतात. माझी त्रेसष्टवर संपली होती, त्यातली चाळीस माहेरची. नात्यातल्या लोकांना पॉलिसी द्यायला हरकत नाही, पण भिडेने घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बंद पडते. मग त्यांचे पैसे जातात आणि आपलं माहेरी जाणं अवघड होतं. पॉलिसी हातात पडली की ३० दिवसांत परत करता येते, हेही तोंडाने सांगायचं. सांगितल्यावर माझ्याकडे आजवर दोघांनी परत केली. त्यातल्या एकाने पुढच्या वर्षी मुलीसाठी बोलावून घेतली.

आणि फॉर्म मोठ्याने वाचायचा. त्याला तासभर लागतो, लोक कंटाळतात, मध्येच टीव्ही लावतात. तरी प्रत्येक प्रश्न वाचायचा.

गेल्या महिन्यात उपळाई रोडला एका किराणा दुकानदाराकडे बसले होते. चांगला मोठा हप्ता होता. शुगरच्या प्रश्नाला आले तसा तो म्हणाला, "ताई, तो रकाना सोडा." मी म्हणाले, लिहिते, तपासणी होईल, फार तर थोडा जादा हप्ता लागेल. तो हसला. म्हणाला, दुसरे एक जण येतात, ते काहीच विचारत नाहीत. चहा आला होता, तो मी घेतला. फाईल पिशवीत घातली आणि घरी आले. आठवड्याने कळलं, त्याने त्या दुसऱ्यांकडून पॉलिसी घेतली. एजंट म्हणून सही त्यांच्या सुनेची आहे.